नातवाची पुडी ब्रुनोला चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याचा कान दुखायला लागला म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. मग डॉक्टरांनी रोज एक पुडी पाण्यातून द्यायला सांगितली, ‘चांगले जिवाणू आहेत’ म्हणाले. मी म्हटलं, मग घरचं दही काय वाईट? आपण पिढ्यान्‌पिढ्या तेच खात आलो. सून म्हणते, दही वेगळं, औषध वेगळं. मुलगा तर इम्युनिटीसाठी म्हणून ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूल रोज घेतो. त्यात आमच्या ब्रुनोचंही पोट बिघडलं. लॅब्रॅडॉर आहे, नऊ वर्षांचा. मुलाने नातवाचीच एक पुडी त्याच्या भातात कालवून घातली. मला ते काही बरं वाटेना. मुरबाडला माझ्या भावाकडे कोंबड्यांची शेड आणि चार गाई आहेत. त्यालाही एक जण ‘प्रोबायोटिक’ विकून गेला, कोंबड्यांना पाण्यातून द्या, गाईंना पेंडीतून द्या म्हणाला. एकच वस्तू माणूस, कुत्रा, कोंबडी आणि गाय, सगळ्यांना कशी चालेल? आणि मग दह्याचं काय?
– एक आजी, पाचपाखाडी

नमस्कार आजी,

आधी नातवाचं बघू, बाकीचं मागून.

अँटिबायोटिक आपल्या मनाने बंद करू नका. जुलाब फार होत असतील तर डॉक्टरांना फोन करून विचारा. ते औषध बदलतील किंवा चालू ठेवा म्हणतील. कानासाठी मुलांना बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन देतात, कधी त्याला क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड असते, आणि या जोडीच्या औषधाने पोट बिघडणं ही रोजची गोष्ट आहे. जुलाबात मुलाला खरा धोका असतो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा. म्हणून दही की पुडी हा वाद नंतर, ओआरएस आधी. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला आणि प्रत्येक जुलाबानंतर चमच्याचमच्याने पाजत राहा. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका, वर साखर घालू नका. खाणं तोडू नका. मऊ भात, वरण, केळं, ताक, जे तो खाईल ते द्या. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. शीमध्ये रक्त दिसलं, मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू झाली नाही किंवा पाजलेलं सगळंच उलटून पडायला लागलं, तर पुडीची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

आता पुडी, म्हणजेच ‘प्रोबायोटिक’, फायद्याच्या जिवंत जिवाणूंची भुकटी. ती द्या. सूनबाईंचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही दह्याची बाजू घेताय ती सोडून द्या, असं मात्र मी सांगणार नाही.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं घरचं दही डबीतून घेऊन येतात. तारेच्या कडीला लागेल एवढं दही काचपट्टीवर पसरायचं, वाळवायचं, आचेवरून झरझर फिरवून पक्कं करायचं, त्यातलं स्निग्ध धुऊन काढायचं, ग्रॅमचं रंजन (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) करायचं आणि तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली बघायचं. एका डबीच्या दह्यात जांभळे गोल दाणे दिसतात, जोडीजोडीने किंवा एकामागे एक लागलेले. हे लॅक्टोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस. दुसऱ्या डबीत जांभळ्या काड्याच जास्त, ते लॅक्टोबॅसिलस. तिसऱ्या डबीत दोन्ही, आणि मधूनमधून त्यांच्या कितीतरी पट मोठे, लांबट गोल यीस्ट. ही सगळी मुलं ठाणे-कळवा-मुलुंड पट्ट्यातलीच. एकाच स्टेशनवर उतरणाऱ्या दोन मुलांच्या घरचं दही आतून एवढं वेगळं असतं.

यातले यीस्ट सोडले तर बाकीचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. दुधातली साखर खायची आणि आम्ल बाहेर टाकायचं, यावर त्यांचं पोट चालतं. आम्ल वाढलं की दूध घट्ट होतं, आणि त्या आम्लात रोग करणारे पुष्कळसे जिवाणू टिकत नाहीत. आतड्यातही त्यांच्यातले काही असंच काम करतात. आम्ल सोडतात, आतड्याच्या अस्तरावरची जागा अडवतात, काही जण दुसऱ्या जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिनंही बनवतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिसपासून मिळणारं नायसिन हे त्यातलंच एक, खाद्यपदार्थ टिकवायला ते जगभर वापरतात. काही जिवाणू आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना चाळवतात. म्हणून यांच्याकडून औषधाची अपेक्षा धरली गेली, आणि ती अपेक्षा पोकळ नाही.

पण नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हणून काहीच कळत नाही. प्रजातीच्याही खाली वाण येतं, आणि गुण असतो तो त्या वाणाचा. इंद्रायणी आणि कोलम दोन्ही तांदूळच, पण एकाचा भात चिकट होतो, दुसऱ्याचा मोकळा. जिवाणूंमधला फरक याहून मोठा असू शकतो. एकाच प्रजातीचं एक वाण पोटातलं आम्ल आणि पित्त सोसून आतड्यापर्यंत जिवंत पोचतं, दुसरं वाटेतच मरतं. म्हणून २००१ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली, तेव्हा तीन गोष्टी मागितल्या : जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने दिलेले हवेत आणि घेणाऱ्याला त्यांचा फायदा व्हायला हवा. फायदा दाखवल्याशिवाय ते नाव लावायचं नाही. बाजारात मात्र ते नाव सर्रास लागतं.

फायदा कुठे दिसला आहे ते सांगते. अँटिबायोटिक चालू असताना मुलांना होणाऱ्या जुलाबांवर खूप चाचण्या झाल्या. २०१९ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा ३३ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत सहा हजारांवर मुलं होती. प्रोबायोटिक न घेणाऱ्या मुलांत शंभरातल्या १९ जणांना जुलाब झाले, घेणाऱ्यांत ८ जणांना. उपयोग जास्त दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू दिले तिथे. यात दोन नावं सगळ्यात भरवशाची : लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी हे वाण आणि सॅकरोमायसिस बोलार्डी. दुसरा जिवाणू नाही, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिकने तो मरत नाही. जिवाणूंची पुडी असेल तर ती आणि अँटिबायोटिक यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. हेही सांगायला हवं की हा फायदा मुख्यतः पहिल्या दिवसापासून पुडी दिलेल्या मुलांमधला आहे. जुलाब लागल्यावर सुरू केलेल्या पुडीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. तरी एरवी धडधाकट असलेल्या मुलाला तिचा त्रास होत नाही आणि डॉक्टरांनी दिली आहे, तेव्हा द्या. पुढच्या वेळी अँटिबायोटिक लिहून मिळालं की त्याच वेळी विचारा, पुडी आजपासूनच सुरू करू का म्हणून.

तोच रॅम्नोसस जीजी साध्या, संसर्गाने होणाऱ्या जुलाबांवर मात्र फिका पडला. अमेरिकेत इमर्जन्सी विभागांत आलेल्या ९७१ लहान मुलांवरच्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. पुडी मिळालेली मुलं आणि जिवाणू नसलेली नुसती भुकटी मिळालेली मुलं जवळपास सारख्याच वेळात बरी झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत वेगळ्या दोन वाणांची जोडी ८८६ मुलांवर वापरून पाहिली, तिथेही तेच. अमेरिकेतल्या चाचणीत वाण तेच, मूल साधारण त्याच वयाचं, फक्त जुलाबाचं कारण वेगळं, आणि उत्तर बदललं. उद्या बाहेरचं काही खाऊन नातवाचं पोट बिघडलं तर कपाटातली उरलेली पुडी काढू नका. तिथे ओआरएस आणि झिंकच.

आपल्याकडची दोन कामं मला मोलाची वाटतात. कोलकात्याच्या वस्तीत एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज लॅक्टोबॅसिलसच्या शिरोटा वाणाचं आंबवलेलं दूध किंवा तसंच दिसणारं साधं पेय दिलं. शिरोटावाल्या मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. फायदा छोटा, पण खरा. दुसरं काम ओडिशातल्या खेड्यांमधलं, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं. ४,५५६ नवजात बाळं, जन्मतः बरी असलेली, पुरेशा वजनाची. निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमचं एक निवडलेलं वाण आणि त्या जिवाणूचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर दिली. रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. जिथे बाळ दगावणं घरोघर माहीत आहे, तिथे हा आकडा केवढा मोठा! त्या मंडळींनी हाताला लागेल तो जिवाणू घेतला नव्हता. बाळाच्या आतड्यात टिकून राहणारं वाण त्यांनी आधी शोधून काढलं होतं.

आता तुमच्या घरातली पुडी हातात घ्या आणि चश्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे जिवाणूचं नाव, त्यापुढे वाणाची खूण (अक्षरं किंवा आकडे असतात) आणि जिवंत जिवाणूंची संख्या असायला हवी. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रोबायोटिक खाद्यात दिवसाच्या मात्रेत निदान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. ही किमान अट झाली. अँटिबायोटिकच्या जुलाबांसाठी लागणारी मात्रा तिच्या पन्नास पट आहे. नुसतं ‘लॅक्टिक ॲसिड बॅसिलस’ किंवा ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स’ लिहिलेलं असेल, तर तो लॅक्टोबॅसिलस नाहीच, बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. तो बीजाणू (कठीण कवचातलं सुप्त रूप) करतो, उष्णता सोसतो, त्याचं काम वेगळं. जुनं चुकीचं नाव वेष्टनांवर अजून चालू आहे. दुसरीकडे, नाव नवं दिसलं म्हणून घाबरूही नका. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या अवाढव्य कुळाचे पंचवीस भाग केले. रॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये गेला आणि प्लँटेरम लॅक्टिप्लांटिबॅसिलसमध्ये. जिवाणू तोच आहे.

पुडी कशी ठेवता त्यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ती वाळवलेल्या जिवाणूंची भुकटी असते. ऊब आणि दमटपणा हे तिचे शत्रू, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर दुसरं असतं काय? ‘फ्रिजमध्ये ठेवा’ लिहिलं असेल तर दुकानदाराने ती फ्रिजमधून काढून दिली का ते बघा. फोडलेली पुडी अर्धी उद्यासाठी ठेवू नका. गरम दुधात किंवा वाफाळत्या भातात घालू नका, जिवाणू मरतात. कोमट किंवा साध्या पाण्यात घालून लगेच पाजा. अँटिबायोटिक संपल्यावर डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस द्या, नेम म्हणून पुढे चालू ठेवू नका.

आता दही. त्यावर मला मनापासून प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर.

घरच्या ताज्या दह्यात चमच्याचमच्याला कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात, संख्येत ते पुडीला सहज गाठतं. कमी पडते ती ओळख. मे महिन्यात चार-पाच तासांत लागलेल्या दह्यात उष्णता आवडणाऱ्यांची सरशी होते, जानेवारीत रात्रभर लागलेल्या दह्यात दुसऱ्यांची. विरजण संपलं की आपण शेजारून वाटीभर आणतो, तेव्हा अख्खी वस्तीच बदलते. आजचं दही काल होतं तेच असेल याची खात्री नाही, मग अमुक आजारावर अमुक उपयोग म्हणून त्याची चाचणी करायची कशाची? शिवाय दही लावणारे बहुतेक जिवाणू दुधात वाढायला सरावलेले आहेत. पोटातलं आम्ल आणि पित्त ओलांडून आतड्यात मुक्काम ठोकणं हे त्यांचं काम नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय त्यांच्या आंबट दुधाला दिलं आणि जगभर दह्याचं वेड पसरलं. ते मोठे शास्त्रज्ञ, १९०८ चं नोबेल मिळालेले (ते वेगळ्या कामासाठी होतं). पुढे लक्षात आलं की तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करत नाही. पुडीतलेही बहुतेक जिवाणू पाहुणेच असतात, घेणं थांबवलं की काही दिवसांत निघून जातात.

तरी एका बाबतीत दह्याचे जिवाणू कसोटीला पुरेपूर उतरले आहेत. मोठेपणी दूध न पचणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ, कारण दुधातली साखर फोडणारं विकर (एन्झाइम) वयाबरोबर कमी होतं. दह्यात ती साखर थोडी आधीच संपलेली असते, आणि उरलेली फोडायला जिवाणू आपलं विकर बरोबर घेऊन येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने प्रोबायोटिकचे कितीतरी दावे फेटाळले, पण योगर्टच्या जिवंत जिवाणूंमुळे ही साखर पचायला मदत होते हा दावा मान्य केला. तेव्हा कपभर दुधाने तुमचं पोट गुडगुडत असेल आणि वाटीभर दह्याने गुडगुडत नसेल, तर तो मनाचा खेळ नाही. वर प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, शाकाहारी घराला हवं असलेलं बी-१२ आहे. नातवाला जुलाबात ताकभात द्या, खुशाल द्या. फक्त पुडीच्या जागी देऊ नका. कढीत जिवाणू जिवंत राहत नाहीत, तरी कढी खाऊच नका असं कोण म्हणेल? अन्न म्हणून तिची किंमत आहे तेवढी आहेच.

तुमच्या मुलाच्या कॅप्सूलबद्दल थोडक्यात. धडधाकट माणसाने इम्युनिटीसाठी रोज कॅप्सूल घ्यावी एवढा भक्कम पुरावा नाही. ते पैसे डाळी, भाज्या, फळं आणि आंबोळी-इडलीच्या पिठावर खर्च केले तर आतड्यातल्या मूळच्या जिवाणूंना जास्त खायला मिळेल. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात असंही दिसलं की अँटिबायोटिकनंतर अकरा वाणांचं मिश्रण घेणाऱ्यांची स्वतःची जिवाणूंची वस्ती पूर्ववत व्हायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. आणि घरात किंवा नात्यात कोणाची केमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल, कोणी आयसीयूत असेल किंवा दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही देऊ नका. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं. २००८ मध्ये निकाल आला : घेणाऱ्यांत १६ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत ६ टक्के. जिवंत वस्तू आहे ती, आजारी शरीरात उलटू शकते.

आता ब्रुनो. तुम्हाला बरं वाटेना ते योग्यच होतं. एक पुडी पोटात गेली म्हणून बहुधा काही बिघडणार नाही, पण आत्ताच्या आत्ता त्या पुडीवरचे घटक वाचा. मुलांच्या गोड चवीच्या पुड्या, चघळायच्या गोळ्या, सिरपं यांत कधीकधी साखरेऐवजी झायलिटॉल घालतात. माणसाला ते चालतं, कुत्र्याला विष आहे. त्याची रक्तातली साखर एकदम खाली येते, यकृतही जाऊ शकतं. झायलिटॉल लिहिलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा.

कुत्र्यांमांजरांसाठी वेगळी वाणं तपासलेली आहेत. सगळ्यात जास्त अभ्यास एन्टेरोकॉकस फीशियमच्या एसएफ-६८ या वाणाचा झाला. प्राण्यांच्या निवाऱ्यात केलेल्या एका चाचणीत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ते मिळालेल्या मांजरांपैकी ७.४ टक्क्यांना दोन दिवस किंवा जास्त जुलाब झाले, न मिळालेल्यांत २०.७ टक्क्यांना. त्याच निवाऱ्यातल्या कुत्र्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही. पुन्हा तेच, एका प्राण्याचा निकाल दुसऱ्याला चिकटवता येत नाही. आणि या एन्टेरोकॉकसची भावंडं रुग्णालयांत औषधांना दाद न देणारे संसर्ग करतात, म्हणून त्याच्या बाबतीत तर वाणाची खूण बघितल्याशिवाय पाकीट घेऊच नये.

ब्रुनोला दोन दिवस मऊ भात आणि मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, हाडं काढून, थोडं थोडं द्या. पाणी भरपूर. बिनसाखरेचं दही त्याला एरवी सोसत असेल तर चमचा-दोन चमचे चालेल. माणसांची जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी अजिबात नाही. नऊ वर्षं म्हणजे लॅब्रॅडॉरचं उतारवय, त्यामुळे पोट बिघडण्यामागे मूत्रपिंड किंवा स्वादुपिंडही असू शकतं. दोन दिवसांत शी घट्ट झाली नाही, रक्त दिसलं, उलट्या लागल्या किंवा त्याने जेवणाकडे पाठ फिरवली, तर शीचा नमुना डबीत घेऊनच पशुवैद्याकडे जा. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं तेही आठवून ठेवा.

राहिला मुरबाडचा भाऊ. खरं तर प्रोबायोटिकचा सगळ्यात स्वच्छ धडा कोंबड्यांनीच दिला आहे. फिनलंडमध्ये ब्रॉयलरांत साल्मोनेला या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूची मोठी साथ आली होती. तेव्हा नुर्मी आणि रांताला या दोघांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की एक दिवसाच्या पिल्लांना निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पाजले, तर साल्मोनेला त्यांच्यात घर करू शकत नाही. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही, त्याचं आतडं रिकामं असतं, आणि रिकाम्या जागेत पहिला येईल तो बसतो. म्हणून कोंबड्यांत प्रोबायोटिक द्यायचं तर पहिल्या दिवसापासून. विक्रीला चार दिवस उरले असताना पाण्यात ओतून काही साधत नाही. भावाला सांगा, पाण्यात क्लोरीन किंवा ब्लीचिंग असेल तर जिवाणू टाकीतच मरतील. पाण्यातून लस देताना जशी काळजी घेतो तशीच इथे घ्यायची. त्याच पाण्यात अँटिबायोटिक चालू असेल तरी पैसे वायाच. गोळी खाद्य बनवताना वाफेची उष्णता लागते, तिच्यात लॅक्टोबॅसिलस टिकत नाहीत, म्हणून तयार खाद्यात बहुतेक बॅसिलसचे बीजाणू असतात.

वाढीसाठी म्हणून कोंबड्यांना अँटिबायोटिक चारणं युरोपने २००६ पासून पूर्ण बंद केलं. आपल्याकडेही माणसांसाठी राखून ठेवायचं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ मध्ये पशुखाद्यातून हद्दपार झालं. त्याला पर्याय शोधायचा तर शेडच्या जमिनीवर तुसाची चांगली गादी, स्वच्छ पाणी, लसीकरण आणि त्याच्या जोडीला तपासलेलं प्रोबायोटिक, असा रस्ता मला पटतो. उद्या आपल्या नातवाच्या कानावर औषध लागू पडायला हवं असेल, तर आज मुरबाडच्या शेडमध्ये ते उगाच वापरलं जाता कामा नये.

गाईंचं गणित निराळं. गाय जगते ती कोटीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) चारा आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर. तिथे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू माजले तर ती गाय मरूही शकते. खूप मका भरडा किंवा लग्नातला उरलेला भात एकदम खायला घातला की पिष्ट झपाट्याने आंबतं, आधी स्ट्रेप्टोकॉकस आणि मागोमाग लॅक्टोबॅसिलस वाढतात, सामू (पीएच) पाचाच्या खाली जातो, कोटीपोट थांबतं, जनावर बसतं ते उठत नाही. ठाण्यात रस्त्यावरच्या गाईंपुढे आपण पुण्य म्हणून पोळ्या-भाताचा ढीग ठेवतो, तिथेही हेच होतं. आजी, सोसायटीत कोणी ठेवताना दिसलं तर जरूर थांबवा. भावाला सांगा की मोठ्या गाईला पेंडीतून लॅक्टोबॅसिलस देण्यात फारसा अर्थ नाही. वासरांचं वेगळं, दूध पिणाऱ्या वासराचं कोटीपोट अजून तयार नसतं, त्याला हगवणीविरुद्ध काही वाणांचा उपयोग होतो. गाय खुराक खाऊन सुस्त झाली, रवंथ थांबला, तर १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर फोन करायचा आणि डॉक्टर येईपर्यंत धान्य-पेंड पूर्ण बंद ठेवायची.

गाईंसाठी या जिवाणूंवर पैसे घालायचेच असतील तर ते मुरघासावर, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यावर घालावेत, तिथे हे जिवाणू हमखास कामाला येतात. मका दाणा चिकात असताना कापायचा, इंचभर तुकडे करायचे, तुडवून तुडवून हवा काढायची, प्लास्टिक घट्ट बंद करून दीड महिना उघडायचं नाही. हवा नसली की लॅक्टिक आम्लाचे जिवाणू सामू चारच्या आसपास आणतात आणि चारा सडत नाही. त्यासाठीच्या कल्चरमध्ये बहुतेक वेळा प्लँटेरमच असतो. ओडिशातल्या बाळांना दिला तीच प्रजाती, वाण दुसरं. कल्चर घेताना मुदत बघायची, दुकानात ते उन्हातल्या फळीवर पडलेलं नसावं, भिजवायला बिनक्लोरीनचं पाणी घ्यायचं आणि चाऱ्याचा थर पसरला की त्यावर लगेच शिंपडायचं. खड्डा किंवा बॅग उघडल्यावर बुरशी आलेला, काळा पडलेला भाग जनावरांपुढे टाकायचा नाही.